मनुरेवा मोआंचं प्रस्थान

ज्या संघाकडे स्वतःचा बर्फ नाही त्याने आइस हॉकी खेळू नये, इतकंच माझं म्हणणं होतं. २०११ साली मांडलं होतं. अजून कोणी ऐकून घेतलेलं नाही.

संघ काढला माझ्या मुलाने, शार्दूलने. पुण्यात होता तेव्हा या मुलाने फ्रीजमधला बर्फाचा ट्रेसुद्धा कधी भरून ठेवला नाही. इथे ऑकलंडला आल्यावर दिवसभर कंप्युटरपुढे बसायचं आणि संध्याकाळी बुटांना पाती लावून बर्फावर धडपडायचं, ही त्याला हुक्की आली. आपल्यासारखेच धडपडणारे आणखी जमवले आणि संघाचं नाव ठेवलं 'मनुरेवा मोआ'. मोआ हा इथला जुना पक्षी. शहामृगाहून थोराड, पण उडता येत नसे. माणसांनी मारून खाऊन तो कधीच संपवला. नाव ठेवतानाच मी म्हटलं, "अरे, जिवंत असलेला एखादा बघ." तर म्हणे, "बाबा, इट्स अ ब्रँड."

मनुरेवात गालिच्यांच्या एका जुन्या गोदामात कोणा हौशी माणसाने बर्फ केला होता. बर्फ इतका पातळ की खालच्या गालिच्याची नक्षी स्वच्छ दिसायची. खेळाडू एकमेकांना ओरडून सांगायचे, तू निळ्या मोराजवळ थांब, मी लाल गुलाबावरून पास देतो. दोन वर्षांनी गोदामवाल्याच्या लक्षात आलं की लोकांना घसरण्यापेक्षा उड्या मारायला जास्त आवडतं. त्याने बर्फ वितळवला आणि ट्रॅम्पोलिन लावल्या.

मग संघ गेला ओनेहंगाला, मासे गोठवायच्या एका खोलीत. दोन्ही बाजूंना स्नॅपर माशांच्या पेट्या, मधल्या बोळात आमचे मोआ. त्या वर्षी आमचा बचाव अख्ख्या लीगमध्ये सर्वांत भक्कम होता, कारण वासामुळे समोरचा कोणी जवळच येत नसे. पण सामना संपला की ते सगळं सामान यायचं कुठे? पापाटोएटोला, माझ्या गॅरेजमध्ये. माझी बायको मंदा लसूणसुद्धा चतुर्थीला चालत नाही म्हणणारी. तिने गॅरेजच्या दारात उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून ठेवला, तर धुराची घंटा वाजून अग्निशमनवाले आले. त्यांनी आत डोकावलं, वास घेतला, आणि आम्हालाच विचारलं, "सगळे जिवंत आहेत ना?"

तर असा हा संघ. लीगही सगळ्यांत खालची. हिवाळ्यात चांगले संघ बर्फ अडवून बसतात म्हणून हे लोक बर्फावरचा खेळ भर उन्हाळ्यात, जानेवारीत खेळतात. याहून जास्त मी काही बोलत नाही.

बोलायचं आहे ते संपदाबद्दल. संपदा माझी सून. मिरजेहून इथे शिकायला आली, शिकली, नोकरीला लागली, आणि शार्दूलशी लग्न करून मोआंच्या तावडीत सापडली. ती गोलकीपर. म्हणजे राखीव गोलकीपर. खरा गोलकीपर तामा म्हणून एक होता, माओरी, दरवाजाएवढा. तो उभा राहिला की मागचं गोल दिसायचंच नाही, मग मारणार कुठे? संघ निघाल्यापासून संपदा पायांना पॅड बांधून बाकावर बसली. इतरांना बर्फावर जायचं दार उघडून दिलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि एकदाही आत गेली नाही. घरी मात्र भाजी चिरताना डावा हात असा उगाच बाजूला फेकायची, काल्पनिक चेंडू अडवायला. चेंडू म्हणजे रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. मंदा म्हणायची, "अगं, सुरी तरी खाली ठेव."

२०१५च्या शेवटी मासेवाल्याला माशांसाठी जागा कमी पडायला लागली आणि मोआ पुन्हा रस्त्यावर आले. मग शार्दूलला टौरंगाचा ग्रॅहम भेटला. याचं किवीफळांचं मोठं कूलस्टोअर. फळं शरद ऋतूत, मार्चनंतर येतात. जानेवारीत गोदाम रिकामं आणि थंडावा करणारी यंत्रं झोपलेली. शार्दूलने विचारलं, बर्फ करता येईल का? ग्रॅहम म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे, काहीच हरकत नाही. हा माणूस कशालाही स्वीट ॲजच म्हणतो. त्याच्या कुत्र्याने माझा जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, पळवला तेव्हाही हेच म्हणाला होता.

तामा म्हणाला, "टौरंगाला रोज कोण येणार?" आणि ब्रिस्बेनला निघून गेला. निघताना आपले जुने पॅड संपदाला दिले. ते तिच्या गळ्यापर्यंत यायचे. पापाटोएटोच्या सोफा दुरुस्त करणाऱ्याकडून तिने ते कापून, शिवून आपल्या मापाचे करून घेतले. तसला जोड जगात दुसरा नाही. गोल आता तिचं होतं.

पण लीगवाल्यांनी फोन करून शार्दूलला बजावलं: तुमचं हे तिसरं घर. नव्या जागी पहिला सामना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी झाला नाही तर मोआंचं नाव कायमचं काढून टाकू. सामना रविवारी दुपारी. म्हणजे त्या दुपारी संपदा गोलमध्ये उभी राहिली तर संघ राहणार; नाही तर संघही गेला आणि तिचं बाकावर बसणंही फुकट गेलं.

आणि मंदाने कॅलेंडर पाहिलं.

"रविवारी अमावास्या आहे. मुक्काम हलवायचा नाही."

"आई, ती पुण्यातली अमावास्या. इथलं टाइम वेगळं आहे," शार्दूल म्हणाला.

"चंद्र काय दोन आहेत का? पुण्यात दिसत नाही तो तुला पापाटोएटोत दिसणार?"

"आई, लीगला काय सांगू? मून नाही म्हणून येत नाही?"

"लीगला काही सांगू नकोस. आपण प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे आपल्या लोकांची जुनी पळवाट. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी महत्त्वाची वस्तू वाटेवरच्या कोणाकडे नेऊन ठेवायची. झालं, तुम्ही निघालात. मग खुशाल अमावास्येला जा, जाताना वस्तू उचला. अट एकच: ठेवलेली वस्तू घरी परत आणायची नाही. प्रवासाला निघालेलं मागे फिरत नाही.

मी म्हटलं, "सुपारी ठेव."

"संघ तुमच्या सुपारीवर खेळणार आहे का? महत्त्वाची वस्तू लागते," असं म्हणून मंदाने गुरुवारी सुनेच्या पॅडांची ती भलीथोरली बॅग उचलायला लावली. उचलली कोणी? मी. आणि टौरंगाच्या वाटेवर म्हणून मनुरेवाला शकुवहिनींकडे नेऊन ठेवली. शकुवहिनी मंदाची भिशीची मैत्रीण. त्यांनी बॅगेला हळदकुंकू लावलं. संपदा बॅगेकडे अशी बघत निघाली की जणू लेकरू पाळणाघरात ठेवलंय.

रविवारी सकाळी निघालो. शार्दूल संघाबरोबर व्हॅनमध्ये पुढे. मागे आमची गाडी: संपदा चालवतेय, मंदा शेजारी, मी मागे, माझ्या मांडीवर मंदाची गोधडी. बाहेर डांबर वितळत होतं, पण कूलस्टोअरमध्ये बसून सामना बघायचा म्हणजे थंडी, म्हणून गोधडी. ही गोधडी मंदाच्या आईने जुन्या साड्यांची शिवलेली. तिला कोणी पाय लावलेला मंदाला खपत नाही. मी चाळीस वर्षं पाय आखडून झोपतोय.

टौरंगात पोचलो. जिकडेतिकडे गाड्या, गाड्यांवर बोटी. ग्रॅहमचं कूलस्टोअर सापडलं, आत खरोखरच पांढराशुभ्र बर्फ. संपदाचा चेहरा फुलला. तिने व्हॅनमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि शार्दूलला विचारलं, "माझी बॅग?"

"तुमच्या गाडीत."

"आमच्या? एवढी मोठी बॅग गाडीत मावते का? व्हॅन घेणार होती ना?"

"आई म्हणाली प्रस्थान तिने ठेवलंय, म्हणजे तीच उचलणार!"

मंदा म्हणाली, "ठेवणाऱ्याने उचलायचं नसतं. जाणाऱ्याने उचलायचं असतं."

"तू पण जाणारीच होतीस ना?" मी विचारलं.

"अहो, तुम्ही मध्ये बोलू नका."

शार्दूलने शकुवहिनींना फोन लावला. स्पीकरवर. "मावशी, बॅग तुमच्याकडेच आहे ना? मी आत्ता निघतो घ्यायला."

"अरे, इथे कुठली?" शकुवहिनींचा आवाज एकदम प्रसन्न. "तुम्ही सगळे न थांबता पुढे गेलात. माझा जीव राहीना. मागे तर पाठवता येत नाही प्रस्थान, म्हणून पुढे पाठवलं. शेजारचे हॅमिल्टनला निघाले होते, त्यांच्याबरोबर विनिताकडे."

विनिताला फोन. ही एके काळी संपदाच्या कॉलेजात होती, आता हॅमिल्टनला असते.

"अगं संपदा, हो, आली होती ना बॅग! पण अमावास्येला दुसऱ्याचं प्रस्थान घरात कसं ठेवायचं? माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांनीच पाहिलं. म्हणाल्या, पुढे काढ. पुरुषोत्तमकाका आले होते, त्यांच्याकडे दिली. ते मातामाताचे ना? टौरंगाच्याच वाटेवर. किती छान!"

पुरुषोत्तमराव मातामाताला दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर. फोन उचलेनात. एवढ्यात गोदामाच्या दारात एक बस येऊन थांबली आणि आजचा समोरचा संघ उतरला. कुठून आला होता? हॅमिल्टनहून. विनिताच्या गल्लीवरून आला असेल. त्यांच्या बसमध्ये आमच्या अख्ख्या संसाराला जागा होती.

संपदा शांतपणे म्हणाली, "शार्दूल, जा. मी इथून हलत नाही. मी इथे उभी असले पाहिजे."

शार्दूलने मला सोबतीला घेतलं, कारण पुरुषोत्तमराव माझे परिचयाचे. टौरंगा आणि मातामाता यांच्यामध्ये कायमाईचा घाट आहे. तो आम्ही असा ओलांडला की वळणांवर गाडीच्या आधी माझा आत्मा पुढे जायचा आणि वाट बघत थांबायचा. कुरणातल्या गायी माना वळवून बघत होत्या. एकीने तर मान हलवली, नको नको म्हणून.

पुरुषोत्तमराव अंगणात गवत कापत होते. यंत्राच्या आवाजात फोन कसला ऐकू येणार? बॅग ओसरीत, पाटावर, समोर दिवा.

"या या, काशिनाथराव! चहा?"

"चहा नको. बॅग द्या," मी म्हटलं.

ते हात पुसत बॅगेपुढे उभे राहिले. "कुठून आलात?"

"टौरंगाहून. सामना सुरू व्हायचाय, काका, प्लीज," शार्दूल म्हणाला.

"मग कशी देऊ? तुम्ही टौरंगाहून इकडे आलात. म्हणजे मागे फिरून आलात. मागे फिरलेल्याच्या हातात प्रस्थान दिलं तर अख्खा प्रवास मोडला. उद्या तुमच्या संघाला काही झालं तर शकुवहिनी मला विचारतील."

"काका, यू आर ॲन इंजिनिअर!"

"म्हणूनच सांगतो. प्रोसेस म्हणजे प्रोसेस. पुढे जा, हॅमिल्टनच्या दिशेने, त्या चौकातून वळा आणि तिकडून या. मी दारात बॅग घेऊन उभा राहतो."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसांना शिव्या दिल्या आहेत. पण त्या क्षणी मला एकही आठवेना, इतका मी थकलो होतो. आम्ही गाडीत बसलो, चौकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पुरुषोत्तमराव आम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखे हसले. "अरे वा! ऑकलंडहून आलात? टौरंगाला निघालात? हे घ्या." आणि आमच्या हातावर दही ठेवलं. दही संपलं होतं, म्हणून स्ट्रॉबेरीचं योगर्ट.

परतताना घाटात आमच्या पुढे एक कॅरॅव्हॅन लागली. आत बसलेल्या म्हातारीने प्रवासात एक स्वेटर विणायला घेतला असावा. घाट उतरेपर्यंत तिने त्याच्या दोन्ही बाह्या पुऱ्या करून खिडकीतून मला दाखवल्या.

सामना सुरू व्हायची वेळ केव्हाच टळून गेली होती. शार्दूल स्टीअरिंगवर बोटं आपटत होता. मीच म्हटलं, "गेला तर गेला संघ. गॅरेज तरी रिकामं होईल." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. हळूच म्हणाला, "बाबा, ती एकदाही म्हणाली नाही की मला खेळव." मग मी योगर्ट चाटत बसलो.

कूलस्टोअरच्या दाराशी ग्रॅहम उभा. आतून आरडाओरडा. शार्दूल बॅग घेऊन धावला, मी एका पायात उरलेला जँडल घालून मागोमाग. आणि पाहतो तर काय, सामना चालू! शेवटचा भाग, दोन्हींकडे दोन-दोन गोल. आमच्या गोलमध्ये संपदा, आणि तिच्या दोन्ही पायांवर, मांडीपासून घोट्यापर्यंत, साड्यांच्या पट्ट्या. हिरवी चौकडी, जांभळे काठ, मोतिया पदर.

मी मंदाकडे वळलो. ती गारठलेल्या हातांनी कानटोपी सावरत होती.

"गोधडी?"

"कापली," ती म्हणाली.

"तू?"

"मग काय तुम्ही? पंच घड्याळ बघायला लागला. ही पोरगी मधोमध उभी, उघड्या पायांनी. ना रडली, ना माझ्यावर ओरडली. ओरडली असती तर बरं झालं असतं." तिने नाक पुसलं. "ग्रॅहमकडून कात्री घेतली, मधून दोन तुकडे केले, फळांच्या पेट्या बांधायच्या पट्ट्यांनी आवळले."

पंचाने विचारलं होतं, हे नियमात बसतं का. ग्रॅहमने त्याला सांगितलं की हे यांच्याकडचे पारंपरिक पॅड आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. परंपरेचा अपमान नको म्हणून पंच म्हणाला, "स्वीट ॲज." या देशात हे दोन शब्द आले की कोणताही कायदा बाजूला सरकतो.

शार्दूल कठड्याशी पोचला, बॅग वर धरली. "संपदा! पॅड! टाइम-आउट घे!"

तिने बॅगेकडे बघितलं. मग पायांकडे. मग काठी बर्फावर आपटली आणि मानेनेच नाही म्हणाली. नाही म्हणायला वेळ तेवढाच होता, कारण हॅमिल्टनचा एक तांबड्या दाढीचा राक्षस सुसाट तिच्यावर चालून येत होता. त्याने काठी उगारली तेव्हा छताचे पत्रे हलले. पक सुटला. तो दिसलाच नाही, फक्त ऐकू आला. आणि मग धप्प. जशी भिजलेली सतरंजी दगडावर आपटावी.

सगळे थांबले. पक नाहीसा.

पंचाने गोलमध्ये बघितलं. नाही. बर्फावर बघितलं. नाही. दाढीवाल्याने स्वतःच्या दाढीत चाचपून पाहिलं, तिथेही नाही. संपदा गोलरेषेच्या पुढे खिळ्यासारखी उभी, हात पसरून, श्वास धरून. तेवढ्यात भोंगा वाजला. सामना संपला, बरोबरीत, आणि मुख्य म्हणजे सामना झाला. मोआ राहिले.

पक कुठे होता? मंदाच्या आईची शिवण. सात साड्यांचे थर आणि बारीक धावदोरा. वरचा थर फाटून पक आतल्या थरात जाऊन निजला होता, जांभळ्या इरकलीत. मंदाने तो बोटांनी चाचपून काढला. पंचाने बरंच बघितलं आणि विचारलं, असले आणखी दोन मिळतील का?

संपदाने पट्ट्या सोडल्या, ते दोन तुकडे घडी घातले, छातीशी धरले आणि मंदासमोर आली. "आई, मी शिवून देते. परत एक करते."

"राहू दे दोनच," मंदा म्हणाली. "एक तुला, एक मला." आणि माझ्याकडे बघून, "यांना सवय आहे आखडून झोपायची."

मग सून बॅगेवर हात ठेवून म्हणाली, "पण आई, आता यापुढे माझी बॅग प्रस्थानाला नाही. माझ्या हातातून सुटायची नाही ती."

"बरं बाई. पण काहीतरी ठेवावं लागेल ना पुढच्या वेळी? आपल्यातलं, जुनं, महत्त्वाचं."

"महत्त्वाचं हवं," संपदा विचार करत म्हणाली, "पण सामन्याला न लागणारं."

त्या दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या. शार्दूलही वळला. ग्रॅहमही वळला, त्याला मराठी येत नाही तरी.

मला तेव्हा वाटलं, थट्टा आहे.

दर मार्चात किवी आली की मोआ बाहेर, दर उन्हाळ्यात पुन्हा आत, असं तीन वर्षं चाललं. आता २०१९. ग्रॅहमने कूलस्टोअर विकलं आणि संघ निघालाय तौपोला. तिथे बर्फ आहे म्हणतात. अजून कोणी पाहिलेला नाही. जायच्या दिवशी नेमकी अमावास्या. गुरुवारी मंदाने मला नवा सदरा घालायला लावला, कपाळाला कुंकू लावलं आणि मनुरेवाला शकुवहिनींच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. "रविवारी जाताना उचलतो," म्हणाली.

रविवारी व्हॅनवाल्यांना वाटलं गाडीवाले घेतील. गाडीवाल्यांना वाटलं व्हॅनवाले. संपदाची बॅग मात्र तिच्या मांडीवर होती म्हणे, सीटबेल्टच्या आत. तिचं गोल सुरक्षित आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी सध्या हॅमिल्टनला विनिताच्या घरी आहे. तिने पाट मांडून मला त्यावर बसवलं आहे. सासूबाईंनी व्हिडिओवरून बघून घेतलं आणि म्हणाल्या, पुढे काढ. मी हात जोडून विनिताला म्हटलं, "पोरी, मला पापाटोएटोच्या बसमध्ये बसवून दे. घर मागेच आहे."

"काका, काहीतरीच काय! प्रस्थान मागे फिरतं का?" ती डबा भरता भरता म्हणाली. "मधुकरदादा पुतारुरूला निघालेत, त्यांच्या यूटमध्ये, मागच्या उघड्या हौद्यात, जागा आहे. आणि तिथून पुढचं ते बघतील. दही घ्या हातावर."

मी हात पुढे केला. स्ट्रॉबेरीचं होतं.